दुर्बिणीचे निम्मे पैसे

आमच्या तेरा वर्षांच्या मुलाला दुर्बीण हवी होती. पुण्यातल्या टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था या आकाशनिरीक्षकांच्या संस्थेच्या मंडळींशी बोलून कुठली घ्यायची तेही त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं: ११४ मिलिमीटर आरशाची, ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची. खोक्यावर पाचशेपट, सहाशेपट मोठं दिसेल असं छापलेलं असतं त्याला भुलायचं नाही, आरसा केवढा आहे ते बघायचं, आरशाच्या दर मिलिमीटरला दोनपट याच्या पुढे कितीही वाढवलं तरी नुसतं पुसट दिसतं, हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. स्टँड धरून किंमत तेरा हजार.

तेरा हजार आमच्या घरात सहज बाजूला काढावेत अशी रक्कम नाही, पण अशक्यही नाही. मी आणि नवऱ्यानं ठरवलं ते असं: निम्मे तू आण, निम्मे आम्ही घालू. अट एकच. वाढदिवसाचे, ओवाळणीचे, आजीनं हळूच हातात ठेवलेले पैसे त्यात धरायचे नाहीत. साडेसहा हजार कमावलेले हवेत. मुदत काही नाही.

हे सगळं लिहून काढावंसं वाटलं, कारण तेरा वर्षांच्या मुलानं पैसे कमवायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे शोधताना आम्हाला बराच वेळ लागला. सल्ले भरपूर मिळतात. त्यातले बरेचसे परदेशातल्या मुलांसाठी असतात; हिरवळ कापा, शेजारच्यांची मुलं सांभाळा. पुण्यातल्या चार मजली सोसायटीत हिरवळ कुठून आणायची?

त्याची स्वतःची पहिली कल्पना पेपरच्या लाइनची होती. पलीकडच्या इमारतीतला कॉलेजचा मुलगा सकाळी सायकलवर पेपर टाकतो, त्याच्याकडून एजंटचा पत्ता घेऊन स्वारी जाऊन उभी राहिली. एजंटनं आधी वय विचारलं आणि म्हणाला, "बाळा, अजून दोन-तीन वर्षांनी ये. तुला ठेवलं तर मला आत टाकतील." मुलगा तोंड पाडून आला, पण त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे, कारण तो अगदी बरोबर बोलला होता. बालकामगारांबाबतचा १९८६ चा कायदा २०१६ साली बदलला. तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही, मग काम हलकं असो की भारी. ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, नाहीतर वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सिनेमा-मालिकांत काम करणाऱ्या मुलांचा अपवाद सोडला तर एकच वाट मोकळी राहते: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना, घरच्या धंद्याला हातभार लावायचा, आणि तोही धोक्याच्या कामात नाही.

कायदा असा आहे ते मला मनापासून पटतं. चहाच्या टपरीवर कपबश्या विसळणारी याच वयाची मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. माझ्या मुलाला हौसेनं कमवायचंय आणि त्यांना पोटासाठी कमवावं लागतं, हा फरक मालकाला कळणार नाही, कायद्यानं तरी कसा ओळखावा? म्हणून आम्ही ठरवलं की जे काही करायचं ते घरातूनच. भांडवल माझं, जबाबदारी माझी, हात त्याचे.

मे महिन्यात त्यानं सोसायटीतली रद्दी गोळा केली. किलोमागे बारा-पंधरा रुपये मिळतात, त्यातले निम्मे घरवाल्यांना, निम्मे याला. गावी गेलेल्यांच्या कुंड्यांना पाणी घातलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना फोनवरून विजेचं बिल भरायला शिकवलं. त्याचे पैसे घ्यायला तो तयार नव्हता आणि मला ते आवडलं. एवढं सगळं करून जून उजाडेपर्यंत नऊशेच्या आसपास जमले होते. या वेगानं दुर्बीण यायला आणखी सहा महिने तरी लागले असते.

खरं काम आलं ते सासऱ्यांकडून. ते मूळचे वाईचे. लहानपणी आळीतल्या सगळ्या मुलांबरोबर कामट्यांचे आकाशकंदील बांधायचे. जुलैत एकदा जेवताना सहज म्हणाले, "अरे, कंदील बांधून वीक की. मी शिकवतो." मुलानं विचारलं, "आजोबा, तुम्ही विकायचात?" ते म्हणाले, "आम्ही कुणाला विकणार? प्रत्येकाच्या घरी बांधणारा होताच. आता कुणाकडेच नाही, म्हणून तुझा विकला जाईल." त्यांचं हे वाक्य मला तेव्हाच पटलं होतं, आणि पुढे ते तंतोतंत खरं ठरलं.

दिवाळी २०२५ मध्ये लवकर होती, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. त्याच्या आधी सहामाही परीक्षा. म्हणजे परीक्षेच्या तोंडावर घरात पसारा चालणार नाही. म्हणून सांगाडे गणपतीच्या आगेमागे बांधून ठेवायचे आणि कागद परीक्षा संपल्यावर लावायचा, असं वेळापत्रक सासऱ्यांनीच आखलं. मी पंधराशे रुपये उसने दिले. बुरुड आळीतून कामट्या आणल्या, रविवार पेठेतून पतंगी कागद, सोनेरी पट्टी आणि सुती दोऱ्याची रिळं.

कंदिलाची रचना मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. सारख्या मापाचे सहा चौकोन बांधायचे. मग ते कोपऱ्याला कोपरा जोडत जायचं: एक वर आडवा, एक खाली आडवा, आणि मधे चार, टोकावर उभे. चौकोन असे जोडले की त्यांच्यामध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळी कामटी लागत नाही. एका कंदिलाला कामट्या चोवीस, जोडाचे कोपरे बारा. नऊ इंचाची कामटी घेतली की कंदील फूटभराहून थोडा उंच होतो.

सगळी गंमत मापात आहे. एखादी कामटी थोडीशी जरी लांब राहिली तरी अकरा कोपरे जुळतात आणि बारावा जुळत नाही. ओढून बांधला तर सगळा कंदील एका अंगाला कलतो. पहिले दोन-तीन सांगाडे तसेच झाले. मग सासऱ्यांनी एका फळीवर नऊ इंचांवर दोन खिळे ठोकून दिले. कामटी दोन खिळ्यांच्या मधे बसली पाहिजे. अडली तर तासायची, सैल बसली तर बाजूला टाकायची. कामटीची कुसं बोटात जातात, म्हणून प्रत्येक कामटी आधी पॉलिश पेपरनं घासायची. सुरीचं काम आजोबांचं, घासायचं आणि बांधायचं नातवाचं. गाठ मारायचीही रीत आहे. दोरा ओला करून दोन कामट्यांवरून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायचा, मग मधून दोन वेढे आवळून घ्यायचे. असं बांधलं की सांगाडा टणक होतो. सुरुवातीला एका सांगाड्याला अख्खी संध्याकाळ जायची. सप्टेंबर संपताना टीव्हीवर मॅच बघता बघता त्याचा एक सांगाडा बांधून व्हायचा.

कागद लावणं त्या मानानं नाजूक. खळ मैद्याची, रोज थोडीशीच शिजवायची. टिकावी म्हणून पूर्वी त्यात मोरचूद घालत, पण ते विषारी असतं, पोरासोरांच्या हाताला नको, म्हणून शिळी खळ सरळ टाकून द्यायची. परतीच्या पावसात हवा इतकी दमट होती की लावलेला कागद सैल पडायचा. मग पंख्याखाली खुर्च्यांना दोऱ्या बांधून कंदील टांगले. आमच्या बैठकीच्या खोलीतून आठवडाभर वाकूनच चालावं लागत होतं. वरचा चौकोन मोकळा ठेवायचा, त्यात आडवी कामटी बांधायची, तिला दिव्याचा होल्डर अडकतो. वायर आणि होल्डर आम्ही मुद्दाम विकले नाहीत. प्रत्येक कंदिलाला चिठ्ठी लावली, तिच्यावर त्याच्या अक्षरात: 'आत एलईडी दिवाच लावावा. जुना पिवळा बल्ब तापतो, कागद पेट घेऊ शकतो.'

आता किंमत. इथे घरात सगळ्यात जास्त बोलणी झाली. त्याचा हिशेब सोपा होता: तीनशेला एक विकला की तीनशे मिळाले. मी वहीत रकाने पाडून दिले. कामट्या, कागद, दोरा, पट्टी, शेपट्या, वाया गेलेला माल, सगळं धरून एका कंदिलाला ऐंशी रुपये पडत होते. म्हणजे हातात दोनशे वीस, आणि माझे पंधराशे फेडल्याशिवाय त्यातलाही एक रुपया त्याचा नाही. हे त्याला जड गेलं. पण दोनच दिवसांनी त्यानं स्वतःहून सोनेरी पट्टीची रुंदी निम्मी केली आणि पतंगी कागद कापायचा असा नकाशा काढला की चौकोनांच्या उरलेल्या पट्ट्यांतून शेपट्या निघाव्यात.

दुकानांत घडीचे तयार कंदील दीडशेला मिळत होते. तीनशेला कोण घेणार, अशी मला धास्ती होती. त्यानं एक कंदील नमुना म्हणून आमच्या गॅलरीत लावला आणि सोसायटीच्या ग्रुपवर मी संदेश टाकला: कामट्यांचा, हातानं बांधलेला, रंग सांगा, तीनशे रुपये. शब्द माझे, फोन माझा, कारण अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार कायदा मानत नाही. ऑर्डर माझ्या नावावर, क्यूआर कोडही माझ्याच खात्याचा. अनोळखी माणसाच्या घरी कंदील पोचवायला एकट्यानं जायचं नाही, बाबांबरोबरच जायचं, हेही आधीच ठरलेलं.

पहिल्या दिवशी ज्या ऑर्डरी आल्या त्या बहुतेक मायेपोटी होत्या. माझ्या मावसबहिणीनं कंदील न बघताच हजार रुपये पाठवले, वर "बाकीचे राहू दे, त्याच्या दुर्बिणीला" असं लिहिलं. मी सातशे परत पाठवले. ती रागावली. सोसायटीतल्या एका काकांनीही पाचशेची नोट दिली आणि सुट्टे नकोत म्हणाले. मुलानं माझ्याकडे पाहिलं आणि दोनशे मोजून त्यांच्या हातात ठेवले. या बाबतीत मी हट्टी आहे आणि राहणार आहे. आपली मोठी माणसं मुलांवर भरभरून माया करतात, पण अशा वेळी ती माया वस्तूची किंमत पुसून टाकते. हजार रुपये आले असते तर माझा कंदील चांगला झाला की मी गोड मुलगा आहे, हे त्याला कधीच कळलं नसतं. परका माणूस कंदील फिरवून बघतो, कोपरा दाबून बघतो, मग पैसे काढतो, तेव्हा कळतं.

उलट बाजूचेही लोक भेटले. एक बाई म्हणाल्या, "इतक्या लहान वयात पैशाच्या नादी कशाला लावता? अभ्यास बुडेल." काळजी रास्त होती, म्हणून त्यांना परीक्षेचं वेळापत्रक सांगितलं. दुसऱ्या एकांनी घासाघीस सुरू केली, "दोनशेला दे, घरचाच तर आहे." मी काही बोलणार तोच सासरे म्हणाले, "त्याला बोलू दे." तो म्हणाला, "काकू, ऐंशी रुपये तर सामानाचेच आहेत. दोनशेला छोटा बांधून देतो, सहा इंची." त्यांनी छोटा घेतला. सहा इंची कंदील त्याच्या डोक्यात तोपर्यंत नव्हताच, तो त्या क्षणी जन्माला आला.

सगळ्यात चांगली कल्पना मात्र आमच्या कुणाचीच नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी माळ्यावरून जुना कंदील घेऊन आल्या. कागद फाटलेला, सांगाडा शाबूत. "याला नुसता कागद लावून देशील का रे?" त्यानं दीडशे सांगितले. सामान पंचेचाळीसचं, हातात एकशे पाच. वर पाहता नव्या कंदिलापेक्षा कमी, पण वेळ लावून बघितला तर जास्त, कारण सगळा वेळ खातो तो सांगाडा, आणि तो तर आयता आला होता. हा हिशेब त्याचा त्यानं केला आणि रात्री साडेदहाला मला उठवून दाखवला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नवा संदेश गेला: माळ्यावरचे जुने कंदील आणा. किती घरांतून किती सांगाडे निघाले! एक तर चांदणीचा होता, पाच टोकांचा, त्या घरातल्या आजोबांनी मुलीच्या पहिल्या दिवाळसणाला बांधलेला. त्याला कागद लावताना आमच्या सासऱ्यांनीच हात घातला, नातवाला जवळ बसवून.

वसुबारसेला शेवटचा कंदील गेला. एक परतही आला, शेपट्या सुटल्या म्हणून. खळ नीट वाळली नव्हती. त्यानं नव्या शेपट्या लावून दिल्या आणि वहीत खर्चाच्या रकान्यात पाच रुपये लिहिले.

मधल्या काळात पैसे ठेवायचा प्रश्न होता. त्याच्या नावानं खातं काढायला आम्ही एका बँकेत गेलो, तर टेबलावरच्या बाईंनी आईवडिलांच्या सहीशिवाय खातं चालवता येणारच नाही असं ठामपणे सांगितलं. हे बरोबर नाही, आणि अनेक पालकांना असंच परत पाठवलं जात असणार, म्हणून सांगते. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच दिली आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सुधारित सूचना काढल्या. रकमेची मर्यादा आणि कार्ड-चेकबुक द्यायचं की नाही, ते प्रत्येक बँक आपापल्या धोरणानुसार ठरवते. पोस्टातही दहा वर्षांवरच्या मुलाचं खातं त्याच्या नावानं निघतं. आम्ही दुसऱ्या बँकेत गेलो, तिथे काम झालं. सही मराठीत करायची असं त्याचं ठरलेलं होतं, त्यासाठी अर्धी वही भरून सराव झाला होता. आणखी एक गोष्ट पालकांना उपयोगी पडेल: लहान मुलाच्या नावावरचं उत्पन्न एरवी आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवून आयकर लागतो, पण मुलानं स्वतःच्या हातच्या कामातून किंवा कौशल्यातून कमावलेलं त्यात धरत नाहीत. आमच्या रकमेला कर लागायचा प्रश्नच नव्हता, तरी विचारणारे विचारतात.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हिशेब मांडला. माझे पंधराशे वजा करून, मेपासूनचे धरून, सहा हजार दोनशे. तीनशे कमी. नवरा म्हणाला, "जाऊ दे, मी घालतो." मुलगा नको म्हणाला. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलेल्या तीन घरांच्या कुंड्यांना पाणी घालून तुळशीच्या लग्नापर्यंत त्यानं ते उभे केले. नवऱ्याला जरा वाईट वाटलं असावं, पण मला त्या तीनशेंचं कौतुक बाकीच्या सहा हजारांपेक्षा जास्त आहे.

दुर्बीण नोव्हेंबरात आली. पहिल्यांदा त्यानं शनी लावला. शनीची कडी पृथ्वीवरून पाहताना दर तेरा ते सोळा वर्षांनी अशी येतात की त्यांची फक्त कड दिसते. मार्च २०२५ मध्ये तशी आली होती आणि नोव्हेंबरात पुन्हा जवळजवळ तशीच झाली होती. त्यामुळे चित्रात दिसतो तसा शनी नव्हताच, बारीकसा गोळा आणि त्याला आरपार गेलेली एक रेघ. मला वाटलं तो हिरमुसेल. तो म्हणाला, "आई, हे आता परत दिसेल तेव्हा मी सव्वीस वर्षांचा असेन," आणि सासऱ्यांना हाक मारली. उशिरा गुरू वर आला, तेव्हा त्याचे चारही चंद्र दिसले. दहा मिलिमीटरच्या भिंगातून नव्वदपट, त्यानं गणित करून सांगितलं. ज्या आजींनी जुना कंदील आणला होता त्या दुसऱ्या दिवशी जिना चढून गच्चीवर आल्या.

लवकरच त्याला चौदा पूर्ण होतील. मग धोक्याचं नसेल असं काम त्याला बाहेरही करता येईल, आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानात सुट्टीपुरतं जाऊ का, असं त्यानं आत्ताच विचारून ठेवलंय. आम्ही अजून हो म्हटलेलं नाही. दुकान बघू, मालकाशी बोलू, मग ठरवू. कंदिलाचं मात्र ठरलंय. जुन्या सांगाड्यांची घरं त्यानं वहीत लिहून ठेवली आहेत, गणपती झाले की त्यांना विचारायचं आहे. त्याला आता बारलो भिंग, म्हणजे दुर्बिणीतलं चित्र आणखी मोठं करणारं जोडभिंग, हवंय, आणि त्याचे पैसे आमच्याकडून निम्मेही नकोत, असं त्यानंच सांगितलंय.